दिवसा लावलेली दिवटी : ज्ञानाभिमानाचे स्वरूप आणि परिहार

अज्ञान, ज्ञान आणि ज्ञानाभिमान या तीन अवस्था परस्परांहून भिन्न आहेत. अज्ञान म्हणजे वस्तू ठाऊक नसणे. ज्ञान म्हणजे वस्तू जशी आहे तशी ठाऊक असणे. ज्ञानाभिमान मात्र या दोहोंच्या मधली अवस्था नव्हे. तो अज्ञान्यालाही होतो आणि ज्ञान्यालाही होतो. अज्ञान्याला होतो तेव्हा त्याची जिज्ञासा बंद पडते. ज्ञान्याला होतो तेव्हा त्याचे ज्ञान जेथे असेल तेथेच थिजते. म्हणून शास्त्राभ्यासाला आरंभ करणाऱ्याने प्रथम या दोषाचा विचार केला पाहिजे.

दोषाची दोन अंगे

ज्ञानाभिमानाची दोन अंगे आहेत. आपल्या बुद्धीचे माप वास्तवाहून मोठे धरणे हे पहिले अंग, आणि ते माप लोकांपुढे मिरविणे हे दुसरे. पहिल्याला भ्रम म्हणावे, दुसऱ्याला दंभ. ही दोन्ही नेहमी एकत्रच असतात असे नाही. एखाद्याला स्वतःची उणीव आतून ठाऊक असते, तरी तो चारचौघांत जाणतेपणाचा आव आणतो. येथे दंभ आहे, भ्रम नाही. दुसरा एखादा प्रामाणिकपणे स्वतःला जाणता समजतो, पण मुद्दाम मिरवीत नाही. येथे भ्रम आहे, दंभ नाही. दोन्ही एकत्र येतात तेव्हा मात्र रोग असाध्य होऊ लागतो. मिरविल्याने लोकांची मान डोलते, मान डोललेली पाहून भ्रम दृढ होतो, आणि दृढ झालेला भ्रम अधिक मिरविण्यास प्रवृत्त करतो.

दोन्हींचा उपायही एक नाही. दंभ्याला उणीव दाखवून उपयोग नसतो, कारण ती त्याला ठाऊकच असते. त्याची लोकमान्यतेची ओढ कमी झाली पाहिजे. भ्रमिष्टाला मात्र उणीव दिसणे हाच उपाय आहे. अडचण एवढीच की ती त्याला दिसत नाही.

म्हाइंभटांचे उदाहरण

पंथीय वाङ्मयात या दोषाचे आणि त्याच्या परिहाराचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे सराळे गावचे म्हाइंभट. ते तेराव्या शतकातील विद्वान शास्त्री. त्यांचा शास्त्राभ्यास खरा होता, वादातील प्रावीण्यही खरे होते. परंपरेत असे सांगतात की, विद्येच्या अभिमानाने ते पायात तृण बांधीत आणि दिवसाढवळ्या दिवटी लावून फिरत. इतर पंडित आपणांपुढे तृणवत् आहेत, आणि आपल्या विद्येवाचून जगात अंधार आहे, असा त्या चिन्हांचा आशय होता.

दिवटीच्या या चिन्हाचा नीट विचार करावा. दिवा हे परोपकाराचे साधन होय. तो अंधारात वस्तू दाखवितो. वाट चालणाऱ्याचे लक्ष वाटेकडे असते, दिव्याकडे नसते. तोच दिवा सूर्यप्रकाशात लावला तर तो कोणतीही वस्तू दाखवू शकत नाही. तो फक्त स्वतःला आणि आपल्याला धरणाऱ्या हाताला दाखवितो. तेल जळते, काजळी धरते, आणि कोणालाही वाट मिळत नाही. ज्ञान आणि ज्ञानाचे प्रदर्शन यांतील भेद याहून स्पष्ट करता येणार नाही. ज्या बोलण्याने विषय उजळतो ते ज्ञान. ज्या बोलण्याने बोलणाराच उजळतो ते प्रदर्शन.

म्हाइंभट गोदावरीकाठच्या डोमेग्रामी श्रीचक्रधर स्वामींकडे वाद करण्याच्या हेतूने गेले, आणि तेथे निरुत्तर झाले. येथे लक्षात घेण्याची गोष्ट अशी की त्यांची स्मृती कमी पडली नाही, ग्रंथ कमी पडले नाहीत. ग्रंथांतून घेतलेले आणि स्वतःला उमगलेले यांत अंतर आहे, हे त्यांना जाणवले. पराभव पुष्कळ पंडितांचा होतो. पराभवाचा राग न धरता त्याचा उपयोग करून घेणारा विरळा. म्हाइंभट त्या विरळांपैकी होते.

स्वतःला मोजण्याची अडचण

हा दोष केवळ शास्त्री-पंडितांचा आहे असे समजू नये. आधुनिक मानसशास्त्राने तो सामान्य माणसांत मोजून पाहिला आहे. १९८१ मध्ये ओला स्वेन्सन या संशोधकाने अमेरिकेतील आणि स्वीडनमधील वाहनचालकांना, इतरांच्या तुलनेत आपले कौशल्य कितपत आहे, असे विचारले. अमेरिकन गटातील सुमारे ९३ टक्के आणि स्वीडिश गटातील सुमारे ६९ टक्के लोकांनी स्वतःला वरच्या अर्ध्या भागात बसविले. वरच्या अर्ध्या भागात अर्धेच लोक मावतात, हे सांगायला गणित नको. विद्वानांची स्थितीही निराळी नाही. १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत अमेरिकेतील नेब्रास्का विद्यापीठाच्या ९४ टक्के अध्यापकांनी आपले अध्यापन सरासरीहून चांगले असल्याचे सांगितले होते.

१९९९ मध्ये जस्टिन क्रुगर आणि डेव्हिड डनिंग या कॉर्नेल विद्यापीठातील दोघा संशोधकांनी याविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. त्याच्या आरंभी एक विलक्षण घटना दिली आहे. १९९५ मध्ये पिट्सबर्ग शहरात एका इसमाने तोंड न झाकता दिवसाढवळ्या दोन बँका लुटल्या. लिंबाचा रस चेहऱ्याला लावला की कॅमेऱ्यात चेहरा उमटत नाही, अशी त्याची खात्री होती. पकडला गेला तेव्हा त्याला खरोखरच आश्चर्य वाटले. लिंबाच्या रसाने कागदावर लिहिलेले अक्षर दिसत नाही, एवढे त्याने ऐकले असावे; उरलेली इमारत त्याच्या आत्मविश्वासाने उभारली होती.

क्रुगर आणि डनिंग यांनी विनोदाची पारख, तर्क आणि व्याकरण या विषयांत विद्यार्थ्यांची परीक्षा घेतली, आणि आपण इतरांच्या तुलनेत कोठे आहोत असे त्यांनाच विचारले. ज्यांचे गुण सर्वांत खालच्या चतुर्थांशात होते, ते शंभरांच्या मापावर खालून बाराव्या स्थानाच्या आसपास होते. त्यांचा स्वतःविषयीचा अंदाज मात्र बासष्टाव्या स्थानाचा होता. उलट सर्वांत वरच्या चतुर्थांशातील विद्यार्थ्यांनी स्वतःला किंचित कमीच लेखले.

याचे कारण त्यांनी असे दिले की, एखादे काम नीट करण्यास जी जाण लागते, तीच जाण ते काम नीट झाले की नाही हे ओळखण्यासही लागते. ज्याला व्याकरण येत नाही त्याला आपले वाक्य चुकले हे कळण्याचे साधनही व्याकरणच आहे, आणि तेच त्याच्यापाशी नाही. म्हणजे उणीव आणि उणिवेचे अज्ञान ही दोन्ही एकाच मुळातून येतात. त्याच निबंधात या दोषावरील उपायही सुचविला आहे. तर्कात मागे पडलेल्यांना थोडे तर्कशिक्षण दिल्यावर त्यांना स्वतःचे खरे स्थान अधिक नीट ओळखता आले. ज्ञान थोडे वाढले, आणि त्याबरोबर अभिमान उतरला.

पूर्वपक्ष आणि समाधान

यावर आक्षेप असा की, हा निष्कर्ष गणिताच्या खेळातूनही निघू शकतो. २००२ मध्ये योआखिम क्रुगर आणि रॉस म्युलर या संशोधकांनी तो मांडला. परीक्षेच्या गुणांत नशिबाचाही थोडा भाग असतो. जो सर्वांत खाली गेला त्याचे नशीबही काही अंशी वाईट असते, म्हणून त्याचा अंदाज वाजवीहून अधिक फुगलेला दिसतो. त्यात सर्वच माणसे स्वतःला सरासरीहून थोडे वर धरतात ही प्रवृत्ती मिळविली, की तेच चित्र तयार होते. २०२० मध्ये बुद्धिमापनावर आधारलेल्या एका अभ्यासानेही हा परिणाम मानला जातो तेवढा मोठा नसल्याचे दाखविले.

हा आक्षेप योग्य आहे आणि तो मान्य केला पाहिजे. परंतु तो नीट पाहिला तर दोष नाहीसा होत नाही, उलट त्याची व्याप्ती वाढते. स्वतःला थोडे वर धरण्याची प्रवृत्ती केवळ मंदबुद्धीच्या माणसात आहे असे नव्हे, ती सर्वांत आहे, असे आक्षेप घेणारेही म्हणतात. म्हणजे ‘तो मूर्ख आहे म्हणून स्वतःला शहाणा समजतो’ असे दुसऱ्याकडे बोट दाखवून सुटका होत नाही. अलीकडे या दोघा संशोधकांची नावे प्रतिपक्षाला हिणविण्यासाठी वापरण्याची रीत पडली आहे. अज्ञानाच्या शिखरापासून उतरणारी जी वक्ररेषा त्यांच्या नावाने दाखविली जाते, ती त्यांच्या मूळ निबंधात नाहीच. निबंध न वाचता त्याच्या नावाने दुसऱ्याला अज्ञानी ठरविणारा मनुष्य त्या निबंधाचा विषय स्वतःच होऊन बसतो.

सांगून पाहणे ही कसोटी

मग भ्रम कसा ओळखावा? २००२ मध्येच लिऑन रोझेनब्लिट आणि फ्रँक कील यांनी याची एक साधी रीत दाखविली. शिलाई मशीन, कुलूप, कपड्यांची चेन अशा नित्याच्या वस्तू कशा चालतात हे आपल्याला कितपत कळते, असे त्यांनी लोकांना विचारले. लोकांनी स्वतःला भरघोस गुण दिले. नंतर त्याच वस्तूचे कार्य पायरीपायरीने लिहून दाखविण्यास सांगितले, आणि पुन्हा गुण देण्यास सांगितले. या वेळी गुण उतरले. कोणीही त्यांना वादात हरविले नव्हते. स्वतःचेच लेखन त्यांनी पाहिले होते.

शिलाई मशीन रोज पाहणारा म्हणतो, ‘सुई खाली जाते, दोरा ओवला जातो.’ वरचा दोरा आणि खालच्या बॉबिनचा दोरा एकमेकांत गुंततात कसे, हे विचारले की तो थांबतो. वस्तूचा परिचय, वस्तूचे नाव आणि वस्तूचा वापर या तिन्हींना मन ज्ञान समजून बसते. शास्त्राभ्यासातही असेच घडते. शब्द पाठ असतो, व्याख्या तोंडी असते, कोणत्या ग्रंथात काय आहे हेही ठाऊक असते. पण नवख्याला समजेल अशा शब्दांत तो अर्थ उलगडून सांग म्हटले की परिचय आणि ज्ञान यांतील फट दिसू लागते. म्हाइंभटांना डोमेग्रामी जी फट दिसली ती याच जातीची होती.

संख्येचा आणि क्षेत्राचा अभिमान

बुद्धीला संख्या चिकटली की अभिमानाला आयते भूषण मिळते. फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने यांनी थिओडोर सिमोन यांच्या साहाय्याने १९०५ मध्ये बुद्धिमापनाची कसोटी तयार केली, ती शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना ओळखून त्यांना वेगळे साहाय्य देता यावे म्हणून. बुद्धी ही जन्मभर न बदलणारी राशी आहे हे मत बिने यांना मान्य नव्हते. १९१२ मध्ये विल्यम स्टर्न यांनी बुद्धीचा भागाकार काढण्याची कल्पना मांडली, आणि १९१६ मध्ये अमेरिकेत लुईस टर्मन यांनी तिचा प्रसार केला. मागे पडलेल्याला हात देण्यासाठी घडविलेली काठी पुढे गेलेल्याची उंची मिरविण्यास वापरली जाऊ लागली. आज एखादा आपला बुद्ध्यंक सांगून वादाला आरंभ करतो. त्याने काय समजून घेतले, काय केले, कोणाला उपयोगी पडला, हे सांगण्यापूर्वी तो माप सांगतो. कोठाराचे आकारमान सांगितल्याने धान्य किती आहे हे कळत नाही.

दुसरा अभिमान क्षेत्रातिक्रमाचा. प्लेटोने वर्णिलेल्या सॉक्रेटिसाच्या समर्थनात, म्हणजे इसवी सनापूर्वी ३९९ मधील त्याच्या अभियोगाच्या प्रसंगी, तो आपला अनुभव सांगतो. आपल्याहून शहाणा कोणी आहे काय हे शोधीत तो राजकारणी, कवी आणि कारागीर यांच्याकडे गेला. कारागिरांना त्यांची कला खरोखरच येत होती; परंतु ती येते म्हणून इतर मोठ्या विषयांतही आपल्याला कळते, असे ते धरून चालले होते. त्यामुळे त्यांचे खरे ज्ञानही झाकोळले. येथे भ्रमाचे मूळ अज्ञानात नसून ज्ञानातच आहे, म्हणून हा प्रकार सुशिक्षितांना विशेष बाधतो. जो एका शास्त्रात निष्णात आहे त्याला दुसऱ्या शास्त्रातील आपला नवखेपणा जाणवत नाही, कारण त्याला निष्णाताचा सूर अंगवळणी पडलेला असतो.

केशिराजबासांनी संकलित केलेल्या दृष्टांतपाठात हत्ती चाचपणाऱ्या आंधळ्यांचा दृष्टांत आहे. त्यातील कोणीही खोटे बोलत नाही. ज्याच्या हाती कान आला त्याला कान खराच कळला आहे. त्याची चूक एवढीच की हाताला लागलेल्या भागाला त्याने हत्ती म्हटले. दार्ष्टांतिक असे की, आपले ज्ञान खरे असणे पुरेसे नाही. ते कोठे संपते हेही ठाऊक असले पाहिजे.

प्रदर्शनाची हानी कोणाला

ज्ञानाभिमानाने अभिमान्याचे नुकसान होते हे उघड आहे. पण त्याहून मोठे नुकसान ऐकणाऱ्याचे होते. संस्कृतात निष्णात असलेले केशिराज संस्कृत ग्रंथरचनेकडे वळत असता आचार्य नागदेवांनी त्यांना आवरले, ही स्मृतिस्थळातील गोष्ट सर्वश्रुत आहे. आचार्यांनी दिलेले कारण संस्कृताच्या निंदेचे नव्हते. त्यामुळे पंथातील वृद्ध स्त्रिया त्या अर्थाला मुकतील, एवढेच त्यांनी दाखविले. केशिराजांच्या ठिकाणी दंभ होता असे मुळीच नाही. तरीही विद्वत्तेची भाषा कोणासाठी, हा प्रश्न आचार्यांनी उपस्थित केला. आणि केशिराजांसारख्या पंडिताने तो मानून मराठीत रचना केली.

वृद्ध स्त्रियांचा उल्लेख औपचारिक नव्हता. महदाइसा सतत प्रश्न विचारीत, आणि स्वामींनी त्यांच्या जिज्ञासू व चर्चक वृत्तीची प्रशंसा केली होती. ज्या परंपरेत विचारणाऱ्याचा असा मान होता, तेथे न कळणारे बोलून श्रोत्याला गप्प बसविणे हा दोष ठरतो. जेथे एक जण आपली बुद्धी दाखवू लागतो, तेथे दहा जण आपली शंका झाकू लागतात. ‘विचारले तर हसे होईल’ या भयाने न विचारलेला प्रश्न हा प्रदर्शनाचा खरा खर्च होय. तो खर्च प्रदर्शन करणाऱ्याच्या खात्यावर कधी मांडला जात नाही.

दिवटीचा योग्य उपयोग

म्हाइंभटांचे पुढील चरित्र या विषयाचे उत्तर आहे. त्यांनी विद्या टाकून दिली नाही. विद्येचे तोंड फिरविले. स्वामींच्या प्रयाणानंतर रिद्धपूर येथे श्रीगोविंदप्रभूंच्या सान्निध्यात आणि नागदेवाचार्यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी स्वामींच्या आठवणी गोळा केल्या. ज्याने जे पाहिले, ऐकले, ते त्याला विचारले. विचारलेल्यांत पंडित होते, तसेच अक्षरशत्रू साधी माणसेही होती. एके काळी इतरांना तृण मानणारा शास्त्री त्यांच्यासमोर ऐकण्यासाठी बसला. त्यातून लीळाचरित्र सिद्ध झाले. मूळ संकलन पुढे धामधुमीत नष्ट झाले आणि अनुयायांच्या स्मरणातून पुन्हा उभे राहिले. आज मिळणाऱ्या पोथ्यांत निरनिराळ्या व्यक्तींच्या नावाने पाठभेद नोंदलेले दिसतात. ‘अमुक असे सांगतो, तमुक असे सांगतो’ असे लिहून ठेवणे हे स्वतःच्या स्मृतीचा अभिमान सोडल्यावाचून घडत नाही.

या ग्रंथाची वाक्ये लहान आणि बोली घरगुती आहे. म्हाइंभटांना क्लिष्ट लिहिता येत नव्हते असे कोण म्हणेल? लिहिता येत असून त्यांनी तसे लिहिले नाही. ग्रंथ वाचताना वाचकाला लेखक दिसत नाही. प्रसंग दिसतो, माणसे दिसतात. दिवटी तीच होती, पण आता ती रात्री लावलेली होती.

अभ्यासकाने करावयाचे परीक्षण

वरील विवेचनावरून अभ्यासकाने स्वतःला पुढील प्रश्न विचारावेत.

पहिला : जे ठाऊक आहे असे वाटते ते, ग्रंथ मिटून, नवख्याला समजेल असे पायरीपायरीने सांगता येते काय?

दुसरा : आपले हे ज्ञान कोठे संपते, ती सीमा दाखविता येते काय? सीमा दाखविता येत नसेल तर हत्तीचा कानच हाती असण्याचा संभव आहे.

तिसरा : चूक दाखविणाऱ्याचा राग येतो, की चुकीविषयी कुतूहल वाटते?

चौथा : बोलणे संपल्यावर श्रोत्याच्या मनात विषय उरतो, की वक्ता उरतो?

पाचवा : आपल्या समोर लोक प्रश्न विचारू लागतात, की विचारायचे थांबतात?

या प्रश्नांची उत्तरे दुसऱ्याला सांगण्यासाठी नाहीत. ती सांगू लागल्यास नम्रतेचेही प्रदर्शन होऊ शकते, आणि तो दंभाचा सर्वांत सूक्ष्म प्रकार आहे. आपण किती अज्ञानी आहोत हे चारचौघांत घोळवून सांगणारा मनुष्यही दिवसा दिवटीच लावीत असतो. फक्त तिची ज्योत बारीक केलेली असते. ज्याला खरोखर उणीव दिसली तो ती मिरवीत नाही. तो विचारावयास जातो. म्हाइंभट डोमेग्रामाहून परतल्यावर हेच करू लागले.